कर्जाचे आयुष्य आणि रस्त्याचे आयुष्य

परकीय कर्जातून आपले रस्ते सुधारावेत काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे सहसा दोन टोकांवरून होते. एक पक्ष म्हणतो, परक्याचा पैसा म्हणजे परक्याचे वर्चस्व; खेड्यातल्या रस्त्यासाठी मनिला किंवा टोकियोकडे हात पसरणे लाजिरवाणे आहे. दुसरा पक्ष म्हणतो, व्याज कमी आहे, मुदत लांब आहे, मग कर्ज घ्यावयास हरकत कोणती? दोन्ही पक्षांचे लक्ष कर्ज देणाऱ्याकडे आहे. कर्जातून जी वस्तू उभी राहावयाची, ती किती वर्षे टिकणार आणि तिला टिकविण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार दोघांच्याही युक्तिवादात अभावानेच आढळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील कळीचा प्रश्न तोच आहे.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०१९ मध्ये आशियाई विकास बँकेने महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्यांसाठी २० कोटी डॉलरचे कर्ज दिले. ३४ जिल्ह्यांतील सुमारे २,१०० किलोमीटर रस्ते बारमाही वाहतुकीस योग्य करावेत, हा त्याचा उद्देश. २०२१ मध्ये त्यात ३० कोटी डॉलरची भर पडली आणि आणखी सुमारे १,१०० रस्ते व २३० पूल, एकूण २,९०० किलोमीटर लांबीचे, त्या योजनेत आले. त्याशिवाय २०२० मध्ये राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग मिळून सुमारे ४५० किलोमीटरच्या सुधारणेसाठी १७ कोटी ७० लाख डॉलरचे तिसरे कर्ज झाले. मुंबई शहर व उपनगर वगळता राज्यातील सर्व जिल्हे पहिल्या दोन कर्जांच्या कक्षेत येतात. अर्थात जालनाही त्यात आहे. तिन्ही कर्जे मिळून ६७ कोटी ७० लाख डॉलर होतात. २०२१ च्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे ५,००० कोटी रुपये भरते.

कर्ज कोणाचे, फेड कोणाची?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आशियाई विकास बँक ही एका देशाची बँक नव्हे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे भागधारक अनेक देशांची सरकारे आहेत. जपान व अमेरिका यांचा वाटा सर्वांत मोठा असून भारत हा तिच्या संस्थापक सदस्यांपैकी आहे. एका सरकारने दुसऱ्या सरकारला थेट दिलेल्या कर्जाचे उदाहरण पाहावयाचे, तर आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे पाहावे. भोकरदन तालुका ओलांडला की सिल्लोड लागते आणि पुढे अजिंठा. जानेवारी १९९२ मध्ये अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्पासाठी जपान सरकारच्या विकास-साहाय्य निधीतून ३७४ कोटी ५० लाख येनचे कर्ज मिळाले. २००३ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी ७३३ कोटी १० लाख येन मिळाले. लेण्यांचे जतन, वनीकरण, पाणीपुरवठा व विमानतळ यांच्या जोडीने रस्त्यांची सुधारणा हाही या प्रकल्पाचा भाग होता.

कर्ज कोणत्याही प्रकारचे असो, आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्य सरकारला परदेशातून थेट कर्ज काढता येत नाही. अनुच्छेद २९३ ने राज्यांची कर्ज काढण्याची मुभा भारताच्या हद्दीपुरती मर्यादित केली आहे. म्हणून परकीय कर्ज प्रथम केंद्र सरकार घेते आणि मग ते राज्याकडे वळविते. मात्र वळविण्याच्या अटी २००५ मध्ये मुळापासून बदलल्या, आणि या बदलाकडे सर्वसामान्य नागरिकांचे फारसे लक्ष गेले नाही.

त्यापूर्वी महाराष्ट्रासारख्या राज्याला परकीय साहाय्यातील ७० टक्के रक्कम कर्जरूपाने व ३० टक्के अनुदानरूपाने, रुपयांत मिळत असे. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाचा पैसा केंद्राला पाऊण टक्का सेवाशुल्कावर मिळाला, तरी राज्याकडून केंद्र १९९० च्या दशकात बारा-तेरा टक्के व्याज घेत असे. राज्ये याबद्दल तक्रार करीत आणि ती वरकरणी रास्तही होती. परंतु या व्यवस्थेत रुपया घसरला तर त्याचा भुर्दंड केंद्र सोशीत असे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार १ एप्रिल २००५ पासून नवीन कर्जे ज्या अटींवर येतील त्याच अटींवर राज्यांकडे जाऊ लागली. व्याज कमी झाले, हे खरे. त्याचबरोबर विनिमय दराची जोखीमही राज्याच्या शिरावर आली. म्हणजे आज आपल्या तालुक्यातील एखादा रस्ता डॉलरच्या कर्जातून सुधारला, तर डॉलर महाग झाल्याची झळ मुंबईतील राज्याच्या तिजोरीला बसते.

स्वस्त व्याजाचा हिशेब

ही जोखीम केवढी असते, हे येनच्या उदाहरणावरून समजेल. जानेवारी १९९२ मध्ये १०० येनला सुमारे २० ते २१ रुपये पडत. एप्रिल १९९५ मध्ये ३७ रुपयांहून अधिक पडू लागले. २०१२ मध्ये हा दर ६५ ते ७० च्या घरात होता. पुढे येनच दुबळा झाला आणि २०२४ मध्ये तो ५५ च्या आसपास आला. १९९२ ते २०१२ या वीस वर्षांत येनची रुपयातील किंमत तिपटीहून अधिक झाली, म्हणजे दरसाल सरासरी सहा टक्के वाढली. कागदावरचे व्याज अडीच टक्क्यांच्या आसपास धरले, तरी प्रत्यक्षातील भार साडेआठ टक्क्यांपर्यंत जातो. कर्जाची सारी रक्कम १९९२ मध्येच हाती आली नव्हती आणि सारी परतफेड २०१२ मध्येच झाली नाही, त्यामुळे हा हिशेब ठोकळ आहे. तरीही त्यातून दिशा कळते.

हा हिशेब पाहून कोणी त्या कर्जास फसवणूक म्हणेल, तर तेही न्याय्य होणार नाही. १९९२ च्या सुमारास देशातल्या देशात कर्ज उभारावयाचे तर केंद्र सरकारलाच अकरा-बारा टक्के मोजावे लागत होते. शिवाय १९९१ च्या मध्यास देशाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते आणि सोने गहाण टाकण्याची पाळी आली होती. त्या वेळी आलेला येन एकाच वेळी रस्त्यालाही उपयोगी पडला आणि गंगाजळीलाही. जपानी कर्ज त्या काळात देशी कर्जाहून स्वस्तच पडले. मात्र कागदावर दिसते तितके स्वस्त पडले नाही, एवढाच निष्कर्ष निघतो.

आज परिस्थिती वेगळी आहे. देशाची गंगाजळी २०२४ मध्ये ६०० अब्ज डॉलरहून अधिक होती. चलनाच्या टंचाईसाठी ग्रामीण रस्त्यांवर कर्ज काढण्याचे कारण उरलेले नाही. डॉलरच्या कर्जाचा विचार करा. २०१९ मध्ये डॉलर सुमारे ७१ रुपयांना होता. त्या दराने २० कोटी डॉलर म्हणजे १,४२० कोटी रुपये. २०२४ मध्ये डॉलर ८४ च्या जवळ गेला; त्या दराने तेवढेच डॉलर १,६८० कोटी रुपयांचे झाले. यातही उचल टप्प्याटप्प्याने होते हे ध्यानी घ्यावे लागते. पण जो भाग आरंभी उचलला गेला, त्याचे ओझे रस्त्याची लांबी एका हातानेही न वाढता वाढले. आशियाई बँकेच्या अशा कर्जांचे व्याज बाजारातील दराशी निगडित असते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर २०२२ च्या आरंभी शून्याच्या जवळ होता, तो २०२३ च्या मध्यास सव्वापाच टक्क्यांवर गेला. व्याज आणि विनिमय दर ही दोन्ही अंगे अशी बेभरवशाची असतात.

इतर देशांचा अनुभवही असाच आहे. युरोपातील माँटेनिग्रो या छोट्या देशाने २०१४ मध्ये चीनच्या निर्यात-आयात बँकेकडून सुमारे ९४ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज घेतले, ते महामार्गाच्या अवघ्या ४१ किलोमीटरच्या टप्प्यासाठी. देशाचा व्यवहार युरोत आणि कर्ज डॉलरमध्ये. परतफेडीचा आरंभ २०२१ मध्ये झाला आणि रस्ता वाहतुकीस खुला झाला तो २०२२ मध्ये. भारताची अर्थव्यवस्था इतकी लहान नाही. एखाद्या रस्तेकर्जाने महाराष्ट्र बुडेल अशी भीती घालण्याचे कारण नाही. प्रश्न बुडण्याचा नाही. घेतलेल्या कर्जाच्या मोबदल्यात कर्ज फिटेपर्यंत वस्तू हाती राहते की नाही, याचा आहे.

३०५४ आणि ५०५४

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात काम करणाऱ्या कोणत्याही कारकुनास ३०५४ आणि ५०५४ हे दोन आकडे तोंडपाठ असतात. रस्ते व पूल यांच्या देखभालीचा महसुली खर्च ३०५४ या लेखाशीर्षाखाली पडतो; नव्या बांधकामाचा व सुधारणेचा भांडवली खर्च ५०५४ खाली. परकीय कर्ज येते ते मुख्यतः भांडवली कामासाठी. भूमिपूजन होते ते ५०५४ चे, कोनशिला बसते ती ५०५४ ची. खड्डा पडण्यापूर्वी भेगा बुजविणे, साइडपट्ट्या भरणे, गटारी मोकळ्या ठेवणे, मोऱ्यांतील गाळ काढणे, ही ३०५४ ची कामे. त्यांचे उद्घाटन होत नाही आणि त्यांच्यासाठी परदेशातून शिष्टमंडळही येत नाही.

यात एक घटनात्मक विसंगतीही दडलेली आहे. राज्याच्या कर्जावरील व्याज व परतफेड हा खर्च अनुच्छेद २०२ प्रमाणे भारित असतो. त्यावर विधिमंडळात मतदान होत नाही; तो द्यावाच लागतो. देखभालीचा खर्च दत्तमत असतो. तो मागितला जातो, मंजूर होतो, आणि वर्षाच्या उत्तरार्धात तिजोरीत ओढाताण झाली की त्याला कात्री लागू शकते. परिणामी कर्जाचा हप्ता एकदाही चुकत नाही आणि रस्त्याची निगा मात्र चुकते. कर्जाचे आयुष्य घटनेने सुरक्षित केले आहे. रस्त्याच्या आयुष्याची हमी कोणीच घेतलेली नाही.

या दोन आयुष्यांची तुलना करून पाहावी. अशा कर्जांची मुदत वीस, पंचवीस, प्रसंगी तीस वर्षांची असते. डांबरी रस्त्याचा वरचा थर नीट निगा राखली तरी काही वर्षांनी पुन्हा द्यावाच लागतो; निगा राखली नाही तर पाच-सहा पावसाळ्यांत खडी उघडी पडते. मग काय होते? पहिल्या कर्जाचे निम्मे हप्ते शिल्लक असतानाच त्याच रस्त्याच्या ‘पुनर्बांधणी’साठी दुसरे कर्ज उभे राहते. याला सुधारणा हे नाव असले, तरी हिशेबाच्या भाषेत ती तुंबलेली देखभालच असते. फक्त ती महसुली खात्यातून भांडवली खात्यात आणि रुपयांतून डॉलरमध्ये गेलेली असते. छत्रपती संभाजीनगर ते अजिंठा हा मार्ग सिमेंट-काँक्रीटचा करण्याचे काम गेल्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले, हे या भागातील प्रत्येक प्रवाशाने अनुभवले आहे. लेण्यांसाठी घेतलेल्या दुसऱ्या येन कर्जाची परतफेड त्या वेळी सुरूच होती.

जागतिक बँकेच्या १९९४ च्या जागतिक विकास अहवालात आफ्रिकेसंबंधी दिलेला एक आकडा आमच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. आधीच्या दशकात देखभालीवर वेळेवर १२ अब्ज डॉलर खर्च केले असते, तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे देखभालीत न खर्चिलेल्या एका रुपयामागे जवळजवळ पावणेचार रुपये पुढे मोजावे लागले. इतके मोठे व्याज कोणत्याही परकीय सावकाराने लावलेले नाही. ते निष्काळजीपणाचे व्याज आहे.

काळी माती आणि जड वाहने

जालना जिल्ह्यात हे व्याज अधिक वेगाने चढते, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण जमिनीचे. परतूर, मंठा, घनसावंगी या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवरील रस्त्याच्या पायात पाणी मुरू न देणे, हाच त्याला वाचविण्याचा मार्ग होय. गटार तुंबले, मोरी बुजली की पाया खचतो आणि वर ओतलेले डांबर निरर्थक ठरते. म्हणून येथे फावडे घेऊन गटार साफ करणारा मजूर हा रस्त्याचा खरा रक्षक आहे. पूर्वी रस्त्यावर मैलकुली असत. त्यांची पदे ओस पडत गेली आणि त्यांचे काम कोणाकडेच राहिले नाही.

दुसरे कारण वाहतुकीचे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून सळया वाहणारे ट्रक, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील अंबड-घनसावंगी पट्ट्यातून ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या, मोसंबी आणि कापसाच्या गाड्या, हे सारे जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचे वैभव आहे. पण रस्त्यावर होणारा परिणाम भाराच्या प्रमाणात वाढत नाही. तो ॲक्सलवरील भाराच्या साधारणतः चौथ्या घाताने वाढतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीतून हे अनुमान निघाले. भार दीडपट केला तर झीज पाचपट होते. भारत सरकारने २०१८ मध्ये मालवाहू वाहनांची अनुज्ञेय भारमर्यादा वाढविली. तिच्याही वर माल भरला जातो, हे उघड गुपित आहे. मालाची ने-आण स्वस्त झाल्याचा लाभ कारखान्याला मिळतो, झीज रस्त्याच्या खात्यावर पडते आणि हप्ता करदात्याच्या.

समृद्धी महामार्गाशी तुलना केली म्हणजे ग्रामीण रस्त्याची अडचण कळते. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि तो जालना जिल्ह्यातून जातो. त्याचे भांडवल मुख्यतः देशी बँकांची कर्जे व राज्याच्या महामंडळांचा पैसा यांतून आले. त्याला टोलचे उत्पन्न आहे. म्हणून त्याच्या देखभालीस स्वतःचा आधार आहे. भोकरदन किंवा जाफराबादच्या एखाद्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्याला टोल बसत नाही, बसूही नये. त्याचे उत्पन्न दुसऱ्या रूपात असते. रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोचतो, दूध नासत नाही, एस.टी.ची फेरी बंद पडत नाही आणि त्या फेरीने जाणाऱ्या मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण मोडत नाही. हे उत्पन्न खरे आहे. पण ते कोणत्याही खात्यात जमा होत नसल्याने देखभालीच्या वेळी त्याची आठवण कोणी ठेवीत नाही.

स्वतःच्या पैशाचा धडा

परकीय कर्ज नाकारून स्वतःच्या पैशाने रस्ते केले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. मराठवाड्याला याचा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात येथील स्त्री-पुरुषांनी खडी फोडून मैलच्या मैल रस्ते केले. त्यातून रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. या योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसला. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारपत्रकात तो आजही कापला जातो. म्हणजे ते रस्ते पूर्णतः आपल्या कराचे व आपल्या घामाचे होते. तरीही त्यांपैकी कितीतरी रस्ते मातीकाम व खडीकरण यांपुढे गेले नाहीत आणि पावसाने धुऊन गेले. पैसा घरचा की दारचा, यावर रस्त्याचे टिकणे अवलंबून नसते.

उलट परकीय कर्जाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्याबरोबर येणारी शिस्त उपयुक्त असते. निविदांची काटेकोर पद्धती, गुणवत्तेची त्रयस्थ तपासणी, रस्ता-सुरक्षिततेची पाहणी आणि सुधारणेला जोडून देखभालीची तरतूद या गोष्टी अशा प्रकल्पांत आग्रहाने मागितल्या जातात. बांधकामानंतर पाच वर्षे ठेकेदारानेच निगा राखावी, हे तत्त्व २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने आपल्याकडे रूढ केले. प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. ठेकेदाराची मुदत संपते, रस्ता जिल्हा परिषदेकडे येतो, तेव्हा जिल्हा परिषदेच्या हाती काय असते? ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग यांची जबाबदारी तिच्याकडे. उत्पन्नाची साधने मात्र तुटपुंजी आणि अनुदान अनिश्चित. कर्जाची अजून पंधरा-वीस वर्षे उरलेली असतात, आणि रस्त्याचे पालकत्व सर्वांत निर्धन संस्थेकडे गेलेले असते.

काय करावे?

यावर उपाय नवा शोधावा लागणार नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीने तत्त्व सांगून ठेवले आहे: रस्ता वापरणाऱ्याच्या इंधनावरील कर रस्त्यालाच मिळावा. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्तेनिधी निर्माण झाला. आज राज्य सरकार पेट्रोल-डिझेलवर मूल्यवर्धित कर घेते आणि वाहनांवर वेगळा करही घेते. या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, रस्त्यांच्या लांबीच्या व वाहतुकीच्या प्रमाणात, केवळ देखभालीसाठी जिल्हा परिषदांना मिळावा, आणि तो कायद्याने बांधलेला असावा. कर्जाच्या हप्त्याला कात्री लागत नाही, तर त्या कर्जातून झालेल्या रस्त्याच्या देखभालीलाही लागता कामा नये.

दुसरे असे, की परकीय कर्जातील प्रत्येक रस्त्याच्या फलकावर खर्चाच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी लिहाव्यात: कर्ज कोणत्या वर्षी फिटणार, ठेकेदाराची देखभाल कोणत्या तारखेस संपणार आणि त्यानंतर जबाबदार अधिकारी कोण. तिसरे, जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात नव्या रस्त्यासाठी तरतूद करण्यापूर्वी जुन्या रस्त्यांच्या देखभालीची गरज किती व तरतूद किती, हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापावेत. चौथे, जादा भाराच्या वाहनांकडून वसूल होणारा दंड ज्या जिल्ह्यात वसूल झाला त्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर खर्च व्हावा.

या मागण्या करण्यासाठी कोणत्याही पक्षाचे सभासद असण्याची गरज नाही. शिक्षकाने वर्गात, विद्यार्थ्याने ग्रामसभेत आणि कारकुनाने आपल्या टिपणीत हे दोन आकडे मागावयास सुरुवात केली, तरी पुष्कळ होईल. परकीय कर्ज घेण्याचा निर्णय मुंबई-दिल्लीत होतो. त्यावर आपला प्रभाव अल्पच राहणार. पण गावाबाहेरच्या मोरीतील गाळ येत्या मृगापूर्वी निघाला की नाही, हे पाहणे आपल्या आवाक्यातले आहे. ते होत नसेल, तर कर्ज पाऊण टक्क्याने मिळाले तरी महाग पडेल.